एक जूनचा केक आणि हॉटेलातली खुर्ची

सरकारी कागदोपत्री माझा जन्म १ जूनचा आहे. वाचक बांधवांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांचाही तोच असेल. महाराष्ट्रात एवढी माणसे एकाच तारखेला कशी जन्माला आली, हे कोणत्याही ज्योतिषाला सांगता येणार नाही. ते गावच्या शाळेतल्या गुरुजींना विचारा.

बाप पोराचा हात धरून शाळेत जायचा. गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख काय?" बाप गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहायचा. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. बोटे कानाला टेकली की पोरगा सहा वर्षांचा झाला. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून १ जूनला सहा पूर्ण असे धरून गुरुजी सालाचा हिशेब करायचे आणि रजिस्टरात लिहून टाकायचे. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता, उलट पोराला शाळेत बसवून घेण्याची ती खटपट होती. पण त्या एका ओळीवर पुढचे सारे आयुष्य चालले. शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचे सेवापुस्तक, निवृत्ती आणि पेन्शनसुद्धा. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची जी झुंबड उडते, ती गुरुजींच्या त्या कान पकडण्याच्या परीक्षेमुळे.

मीही असाच एका ३१ मे रोजी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. दुसऱ्याच दिवशी मुलीने जळगावात महामार्गालगतच्या एका हॉटेलात टेबल राखून ठेवले. म्हणाली, "बाबा, आयुष्यात एकदा तरी तुमचा वाढदिवस करू."

मी चिडलो. चिडायला कारण होते. तीस वर्षे वस्त्यावस्त्यांतून मीच भाषणे ठोकली होती की, आपल्याला फक्त दोन वाढदिवस ठाऊक, वैशाख पौर्णिमा आणि १४ एप्रिल. मेणबत्त्या फुंकणे, केक कापणे, डोक्यावर कागदाची टोपी घालून फोटो काढणे हे चंगळवादाचे चाळे आहेत, पोरांनी लायब्ररीत जावे, हॉटेलात काय ठेवले आहे? हे वाक्य हमखास टाळ्या घ्यायचे. आणि आता मीच टोपी घालून बसणार? पण मुलीने तोवर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातून माझ्या आईलाही बोलावून घेतले होते. ऐंशी पार केलेली म्हातारी जूनच्या उन्हात धुळे, पारोळा, एरंडोल करत एसटीने आली. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

हॉटेलात शिरलो तर मला लाज वाटायचे कारणच उरले नाही. त्या रात्री आणखी तीन टेबलांवर केक होते आणि तिन्ही ठिकाणी माझ्याच वयाचे उत्सवमूर्ती बसले होते. एक भुसावळचे रेल्वेतले ओळखीचे निघाले. लांबूनच "जयभीम" घातला आणि माझ्याकडे बघून खो खो हसले. त्यांचेही गुरुजी माझ्याच गुरुजींसारखे असणार.

आईला मात्र हसू आले नाही. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पदर सावरून, कोणी उठवले तर लगेच उठता यावे अशी. वेटरने काचेचा ग्लास पुढे ठेवला, तो तिने आधी हाताने चाचपला आणि मला हळूच विचारले, "हाई आपला शे ना?" हा आपल्यासाठीच आहे ना, असे ती विचारत होती. माझ्या सुनेला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. मला कळला.

तिच्या तरुणपणी बाजारच्या गावी चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला आपल्या माणसांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. कान तुटलेली. ती आपणच काढायची, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवे बसून प्यायचा, आपणच विसळायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. पैसे मात्र बरोबरीचे द्यायचे. चहावाल्याला आपले नाणे विटाळत नव्हते, फक्त ओठ विटाळत होते. ज्या बाईने आपली कपबशी वेगळी ओळखण्यात उमेद घालवली, ती काचेचा ग्लास उचलण्याआधी विचारणारच.

हॉटेलातली खुर्ची ही आपल्याकडे कधीच साधी वस्तू नव्हती. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा गावातला सवर्ण तिकडे फिरकत नव्हता. राजर्षी शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. एका राजाला चहा पिऊन दाखवावा लागत होता, यावरून त्या कपाचे वजन लक्षात यावे. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने कागदोपत्री खुले झाले आणि त्याच्या अंमलासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडला जावे लागले. पण हॉटेल पडले खासगी मालकीचे. मालकाची मर्जी हाच तिथला कायदा.

आणि हे सारे दूर कोकणात, कोल्हापुरात घडले असे समजू नका. आपल्या खानदेशच्या मातीत काय घडले ते ऐका. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब १९२९ साली खानदेशात आले होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते २३ ऑक्टोबरला चाळीसगावला परतले. स्टेशनावर आपले बांधव हारतुरे घेऊन हजर. महारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर होता. पण आपला पाहुणा, एवढा मोठा बॅरिस्टर, तो पायी कसा जाईल? टांगा पाहिजे. टांगेवाले तर भरपूर उभे होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही तयार होईना. तास गेला. शेवटी तोड निघाली की, टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही. आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फेकले जाऊन फरसबंदीवर पडले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. साधा टांगेवालाही स्वतःला अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा वरचा समजतो, हे त्यांनी नोंदवले. आणि पाहुण्याची शान राखण्याच्या नादात आपल्याच माणसांनी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, हेही स्पष्ट लिहिले. चाळीसगावचा हा टांगा डोक्यात ठेवूनच आजच्या हॉटेलातल्या वाढदिवसाकडे बघितले पाहिजे. आपल्या माणसाला चार लोकांदेखत मानाने बसवावे ही ओढ तेव्हाही होती, आजही आहे. त्या ओढीला चंगळवाद म्हणून हिणवणे सोपे आहे. मी तीस वर्षे तेच केले.

खासगी हॉटेलाचे दार उघडले ते संविधानाने. २६ जानेवारी १९५० पासून कलम १५ अन्वये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यांत जातीवरून कोणालाही अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण शिक्षेची तरतूद असलेला कायदा यायला आणखी पाच वर्षे गेली. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १९५५ हा तो कायदा, १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात प्रवेश नाकारणे तर गुन्हा आहेच, तिथली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. म्हणजे वळचणीची कपबशी कायद्याने फोडली. हा कायदा अमलात कधी आला, ठाऊक आहे? १ जून १९५५ रोजी.

गुरुजींनी मला जी खोटी तारीख दिली, ती आपल्या हॉटेलप्रवेशाच्या कायद्याची खरी जन्मतारीख निघाली. त्या रात्री हे मी टेबलावर सर्वांना सांगितले. नातवंडांनी मोबाईलवरून मान वर केली, एवढेही पुष्कळ झाले.

केक कापला. टाळ्या झाल्या. आई केव्हाची काहीतरी विचार करत होती. मला म्हणाली, "तुना आज कसाना वाढदिवस? तू ते पोयाना दिन झाया."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तू तर पोळ्याच्या दिवशी जन्मलास, असे ती म्हणत होती. गावात बैल सजवून मिरवत होते, सुईण मिरवणुकीपलीकडे अडकली होती, बाप बोलवायला गेला तो तासाने परतला, हे सारे तिने एका दमात सांगितले. सालाबद्दल तिचा आणि गुरुजींचा मेळ बसत नाही, पण दिवस तिला पक्का आठवतो. न आठवायला काय झाले? जन्म तिने दिला होता. शाळेत घेऊन गेला बाप, त्याला ठाऊक नव्हते. गुरुजींनी विचारले बापाला. घरी येऊन आईला विचारावे असे कोणालाच वाटले नाही. आणि इतरांना काय बोल लावू? माझे वय अठ्ठावन्न झाले, फुले-सावित्रीमाईंवर मी शेकडो भाषणे दिली, स्त्रीच्या शब्दाला किंमत द्या म्हणून घसा कोरडा केला, पण "आई, मी कधी जन्मलो?" असे मीसुद्धा तिला कधी विचारले नाही. ते त्या हॉटेलात, केकच्या निमित्ताने निघाले.

मग मी विचारले, "आणि तुझा, माय?"

"मना कोन सांगी? सांगनारी गई."

माझा कोण सांगणार? सांगणारी गेली. एवढेच बोलून तिने पाण्याचा ग्लास उचलला.

तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे. ज्याला फक्त अंदाजे वय सांगता येते, त्याच्या आधारच्या नोंदीत त्या सालाची १ जानेवारी पडते. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटले गेले ते आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. त्यानंतर आपल्या वस्त्या-पाड्यांतल्या किती म्हाताऱ्या एका दमात १ जानेवारीच्या झाल्या असतील! ज्यांना शाळेतले गुरुजी भेटले त्यांना १ जून मिळाला, ज्यांना गुरुजीही भेटले नाहीत त्यांना १ जानेवारी. आपण १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या शौर्यस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. यापुढे त्या दिवशी घरातल्या म्हातारीलाही मानवंदना द्यावी, असे मी ठरवले आहे.

जन्माच्या नोंदीचाही इतिहास बघा. गावातले मरण परगावी कळवायला सांगावा घेऊन धावायचे ते आपल्या वाडवडिलांनी. जन्म-मृत्यूच्या ज्या वहीला आज तहसीलमध्ये गाव नमुना १४ म्हणतात, तिलाच लोक कोतवाल बुक म्हणतात, ते त्या वर्दीवाल्यावरूनच. साऱ्या गावाच्या जन्ममरणाची वर्दी वाहणाऱ्याच्या स्वतःच्या लेकराची तारीख मात्र त्याच्या घरात नव्हती. ज्यांच्या घरी पत्रिका मांडली जाई, त्यांच्या पोरांचे घटका-पळही लिहिलेले असत. आपली नोंद झालीच तर बापाच्या नावाखाली "मुलगा" किंवा "मुलगी" एवढीच. आज जातपडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला की आपली पोरे त्याच जीर्ण वहीची नक्कल मिळवायला खेटे घालतात.

म्हणून प्रौढ माणसाचा वाढदिवस या गोष्टीचा मला आता राग येत नाही. वाढदिवसाचे आपल्या चळवळीला वावडेही नाही. १९२० च्या माणगाव परिषदेने शाहू महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करण्याचा ठराव केला होता. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात बाबासाहेबांची पहिली जयंती काढली. ज्यांना तारीख नाकारली गेली, त्यांनी कॅलेंडरावर आपली तारीख कोरली, हा त्यातला अर्थ. मात्र बाबासाहेबांनीच १९४३ साली पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात विभूतिपूजेचे वाभाडे काढले आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका दाखवला.

तो इशारा आज चौकाचौकांत खरा होतो आहे. 'भाऊंचा बड्डे' म्हणजे चौक झाकणारे फ्लेक्स, रात्री बारा वाजता रस्त्यावर गाडीच्या बॉनेटवर केक, तोही तलवारीने कापायचा. जळगाव असो की धुळे, अशा फोटोंवरून पोरांवर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे दाखल होतात. भाऊ सुटतो, कोर्टाच्या तारखा आपल्या पोराच्या नशिबी येतात. पोलीस पडताळणीत नोकरी अडते. जन्माची तारीख साजरी करायला गेले आणि कोर्टाची तारीख घेऊन आले! कोणी परमिट रूममध्ये रात्र रंगवतो, पंचशीलातले पाचवे शील त्याच टेबलावर ओतून देतो. कोणी हातउसने काढून पन्नास माणसे जेवू घालतो, कारण गेल्या महिन्यात मेहुण्याने चाळीस घातली होती. हा चाळीसगावचाच टांगा आहे. पाहुण्याची शान राखायची, पण लगाम धरायला येत नाही. पाय मोडतो तो आपलाच.

मी म्हणतो तो वाढदिवस चार-सहा माणसांचा. शेवभाजी-भाकरी खाल्ली तरी चालेल. त्यात एकच अट. उत्सवमूर्ती तो असावा ज्याला आजवर तारीख मिळाली नाही. म्हातारी आई, सासू, विधवा मावशी, मोलकरीण म्हणून राबलेली आत्या. तिला मधल्या खुर्चीत बसवा आणि बोलती करा. तुम्ही कधी जन्मलात, कोणत्या पेरणीला, कोणत्या दुष्काळात, घरात कोण होते, हे विचारा आणि लिहून घ्या. आपला इतिहास तहसीलच्या वहीत नाही, तो या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि सांगणाऱ्या एकेक करून चालल्या आहेत. आणि घरात नवे मूल आले तर २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करा, दाखला हातात घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा, आधार, मतदार यादी सगळीकडे जन्माचा दाखला हाच तारखेचा पुरावा आहे. आता कान पकडून कोणी शाळेत घेणार नाही.

त्या रात्रीचे एक सांगायचे राहिले. आमच्या टेबलाचा वेटर वीस-बावीस वर्षांचा, शिरपूरकडचा पावरा पोरगा. चारही टेबलांपुढे उभा राहून त्याने टाळ्या वाजवल्या होत्या, गाणे म्हटले होते. निघताना आईने त्याचा हात धरला आणि विचारले, बाबा, तुझा वाढदिवस कधी?

तो लाजला. म्हणाला, "आजच आहे, आजी. एक जून."

"मंग याले बी बसाडा," आई म्हणाली. मग यालाही बसवा.

मी खुर्ची सरकवली. पोराने एकदा काउंटरकडे बघितले आणि मान हलवली. ड्युटीवर बसता येत नाही. सकाळपासून तो उभाच होता. उभे राहून राबणाऱ्यांना बसायला मिळावे म्हणून केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकाने-आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली, ही बातमी मी कधीतरी वाचली होती. तेव्हा ती मला किरकोळ वाटली होती.

त्याने केकचा तुकडा उभ्यानेच खाल्ला, हात पुसला आणि आमच्या ताटल्या उचलायला लागला. आई दारापर्यंत मागे वळून बघत होती. संविधानाने आपल्याला आत आणून खुर्ची दिली. त्या खुर्चीमागे जो उभा आहे, त्याचे काय करायचे, हे आता आपण ठरवायचे आहे.

जयभीम!